आत्ती माझ्या बाबांपेक्षा धाकटी

आमची आत्ती बाबांची थोरली बहीण. बाबांना कडेवर घेऊन तिनं गावभर फिरवलंय, त्यांची नाकं पुसलीत, पहिलीत नाव घातलं तेव्हा बाबा भोकाड पसरून बसले म्हणून स्वतःच्या वर्गात नेऊन शेजारी बसवलंय, हे सगळं बाबा स्वतःच सांगतात. पण आधार कार्डावर ती त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे. बाबा 1954 चे, आत्ती 1957 ची. इतकी वर्षं हा घरातला जोक होता. भाऊबीजेला ओवाळून झालं की बाबा म्हणायचे, "चल, सरकारी हिशेबानं धाकटी आहेस, पाया पड," आणि ती ताट तसंच हातात धरून म्हणायची, "सरकार काय बाळंतपणाला आलं होतं काय रे?"

ह्या जोकची किंमत पाच लाख आहे हे आम्हाला 2024 ची दिवाळी होईपर्यंत माहीत नव्हतं.

माझं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, तालुक्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची कागदपत्रं माझ्या काचेवर पालथी पडून गेली असतील. रेशन कार्ड, आधार, पासबुकाचं पहिलं पान, उतारे. फॉर्म भरून द्यायचा, फोटो चिकटवायचा, सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून द्यायची. त्यामुळं लोकांना वाटतं ह्याला सगळ्या योजना पाठ आहेत. पाठ कुठल्या ओ, रोज एक नवीन येते, पण विचारणाऱ्यांमुळं शिकावं लागतं.

तर 2024 च्या सप्टेंबरात केंद्रानं ठरवलं आणि 29 ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, सुरू केलं की आयुष्मान भारतमध्ये, म्हणजे ॲडमिट झाल्यावरचा पाच लाखांपर्यंतचा खर्च सरकार देतं त्या योजनेत, सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही घ्यायचं, श्रीमंत-गरीब काही बघायचं नाही, उत्पन्नाचा दाखला नको, रेशन कार्डाचा रंग नको. आयुष्मान भारत तशी 2018 पासूनची, पण तिच्यात कोण बसतं हे 2011 च्या सर्व्हेवरून ठरायचं, त्या यादीत तुमचं नाव आलं तर आलं, नाही आलं तर तुम्ही कितीही गरीब असा, बसा घरी. आता सत्तरीच्या वरच्यांना ती यादीच नको. त्याला वय वंदना कार्ड असं नाव आहे. साधारण साडेचार कोटी घरांतले सहा कोटी म्हातारे ह्यात येतील असा सरकारचा हिशेब. बातमी आली त्या आठवड्यात माझ्या दुकानात जी गर्दी झाली ती दहावीच्या निकालाला पण होत नाही.

आणि प्रश्न तरी किती. पाच लाख माणशी का? तर नाही, घरटी, वर्षाला. नवरा-बायको दोघं सत्तरीच्या वर असले तरी दोघांत मिळून पाच. घरात आधीच आयुष्मान कार्ड असलं तर? मग म्हाताऱ्यांना वेगळे पाच लाख, ते फक्त त्यांच्यासाठीच, सून-मुलगा त्याला हात लावू शकत नाहीत. (हे सांगितल्यावर एका आजींच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी विसरणार नाही.) बायको साठ-पासष्टची असली तर नवऱ्याच्या कार्डावर चालेल का? नाही चालत. आमच्या आईचंच घ्या, ती सहासष्टची आहे, बाबांच्या कार्डात ती येत नाही, तिला अजून चार वर्षं तब्येत सांभाळायला लागणार. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतील का, हा तर प्रत्येकाचा प्रश्न. नाही ओ. दवाखान्यात ॲडमिट व्हायला लागतं. ॲडमिट झाला तर आधीच्या तीन दिवसांच्या तपासण्या-औषधं आणि घरी सोडल्यावर पंधरा दिवसांची औषधं धरतात, पण रोजची गोळी आपली आपणच आणायची. एक गोष्ट मात्र खरंच चांगली, आधीपासून दुखणं असलं तरी पहिल्या दिवसापासून चालतं, खासगी विम्यासारखं दोन-तीन वर्षं थांबा म्हणत नाहीत.

आमच्या बेळगावकडं अजून एक वेगळा गिऱ्हाईक असतो तो म्हणजे रिटायर फौजी. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात, त्यामुळं गल्लीला एक-दोन तरी ठरलेले. ते येऊन ताठ उभं राहून विचारतात, ईसीएचएस आहे, हे पण काढू काय? ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची सरकारी योजना. त्यांना दोन्ही ठेवता येत नाही, ईसीएचएस किंवा केंद्राच्या नोकरदारांचं सीजीएचएस असेल तर दोन्हीतलं एक निवडायचं. मी स्वतः कुणाला ईसीएचएस सोडा म्हणून सांगितलेलं नाही, ते चालू आहे, त्यांना माहीत आहे कुठं जायचं, जमलेली घडी कशाला मोडायची. ईएसआयवाल्यांना, म्हणजे कामगार विमावाल्यांना, किंवा खासगी पॉलिसीवाल्यांना तसलं बंधन नाही, तिथं दोन्ही ठेवता येतं.

बाबांचं कार्ड मी दुकानातच काढलं. आयुष्मान ॲप उघडलं, मोबाईल नंबर टाकला, ओटीपी आला, सत्तर प्लसच्या जागी आधार नंबर घातला, परत ओटीपी, बाबांचा फोटो काढला, त्यात मागं लॅमिनेशनची मशीन पण आली, पिनकोड, गाव, दुसरी कुठली सरकारी स्कीम आहे का त्याला नाही, झालं. एक चहा संपला नसेल तेवढ्यात. पैसे काही नाहीत त्याला, नोंदणी फुकट आहे, आणि हे मी इथं मुद्दाम लिहितोय कारण गावागावात लोक फिरून पाचशे-पाचशे रुपये घेतात. आमच्यासारखे दुकानवाले पीव्हीसीवर छापून देतात त्याचे पैसे घेतात ते वेगळं, ती छपाई. कार्ड छापून बाबांच्या हातात दिलं तर त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि पहिला प्रश्न, "मग पुण्याची पॉलिसी बंद करूया काय?" माझ्या भावानं काढलेली पॉलिसी आहे, दरवर्षी हप्ता वाढतोय. मी म्हटलं थांबा जरा.

थांबा म्हणालो त्याला कारण होतं, ते पुढं येईल. आधी आत्तीचं सांगतो.

आत्तीचा उजवा गुडघा गेलाय. गेलाय म्हणजे उठताना आधी खुर्चीच्या हाताला धरते, मग भिंतीला, मग माझ्या दुकानाच्या दोन पायऱ्या चढायला तिला पाच मिनिटं लागतात आणि चढून आल्यावर ती मुद्दाम दुसरीकडं बघत काहीतरी बोलते म्हणजे आपल्याला तिचा श्वास ऐकू येऊ नये. डॉक्टरनं गुडघा बदलायला सांगितलंय. खर्चाचा आकडा ऐकून ती म्हणाली, "एवढ्यात नवीन बाई येईल." आयुष्मानच्या पॅकेजात गुडघा बदलणं बसतं. म्हणून मी मोठ्या उत्साहात तिला घेऊन गेलो.

माझ्या दुकानात जमलं नाही कारण तिच्या आधारला जोडलेला नंबर नातवाचा जुना, ते सिम बंद होऊन चार वर्षं झाली, ओटीपी जाणार कुठं. मग बोटाचा ठसा द्यायला सेंटरला गेलो. तिथल्या पोरीनं मशीनची काच ओढणीनं पुसली, "बेरळु इडी अज्जी" म्हणाली, बोट ठेवा. आत्तीनं ठेवलं. लाल. दुसरं बोट. लाल. पोरगी म्हणाली पुसून ठेवा, आत्तीनं पदराला बोट घासलं, लाल. खोबरेल लावून झालं, हात धुऊन झालं, दहाच्या दहा बोटं झाली. "मत्तोम्मे," परत एकदा, असं ती पोरगी बिचारी न कंटाळता सांगत होती.

आत्तीनं वीस-बावीस वर्षं काजू सोललेत. आमच्या खानापूर-चंदगड पट्ट्यात बायकांना हे काम घरोघरी माहीत आहे. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं, बायका हाताला एरंडेल लावतात, राख लावतात, तरी बोटांची टोकं काळी पडून सालटी निघतात, परत येतात, परत निघतात. असं इतकी वर्षं झाल्यावर त्या बोटांवर रेघा कुठून राहणार. मी तिचं बोट हातात घेऊन पहिल्यांदा नीट बघितलं. गुळगुळीत, पोळपाटासारखं. लहानपणी ह्याच बोटांनी तिनं मला काजूचा तुकडा भरवलाय, तेव्हा काय कळतंय.

मग चेहऱ्यानं करूया म्हणाली पोरगी. मोबाईल समोर धरला, त्यात गोल येतो, त्या गोलात तोंड धरायचं आणि डोळे मिटून उघडायचे. आत्तीला वाटलं फोटो काढतायत. तिनं पदर डोक्यावरनं घेतला, कुंकू ठीक केलं आणि डोळ्याची पापणी न हलवता मोबाईलकडं अशी बघत बसली की मला तिचा लग्नातला फोटो आठवला. डोळे मिट म्हटलं तर मिटून बसली, उघडेना. तिसऱ्या वेळी जमलं. हिरवी टिक आली. आम्ही सगळ्यांनी, लाईनीतल्या दोघा अनोळखी माणसांनी सुद्धा, हुश्श केलं.

आणि मग स्क्रीनकडं बघून पोरगी म्हणाली, "वयस्स कडिमी ऐत्री अज्जी."

वय कमी आहे. 1-1-1957. सत्तर पूर्ण व्हायला 2027 उजाडावं लागणार. ह्या योजनेत वय आधारवरचं धरतात, दुसरं काही दाखवता येत नाही. आत्ती आधी हसली. म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा कुणी मला वय कमी आहे म्हणालं गा." घरी येईपर्यंत मात्र बोलली नाही.

चूक कुणाची, तर तशी कुणाचीच नाही आणि सगळ्यांची आहे. गावात आधारचा कॅम्प लागला होता तेव्हा ऑपरेटरनं विचारलं वय किती, आत्ती म्हणाली असंल पंचावन्न-छप्पन्न, त्यानं वजाबाकी करून साल घातलं आणि तारीख एक जानेवारी ठोकून दिली. तुम्ही आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची आधार कार्डं काढून बघा, गावच्या गाव एक जानेवारीला जन्मलेलं. आणि बायकांना तर वय सांगायची वेळच कधी आली नव्हती, पेन्शन नाही, नोकरी नाही, शाळा चौथी-पाचवीत सुटलेली, कशाला लागतंय साल. पुरुषांचं निदान शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, कारखान्याच्या कार्डावर कुठंतरी लिहिलेलं असतं. बाबा उद्यमबागेत फौंड्रीत होते म्हणून त्यांचं वय बरोबर राहिलं, नाहीतर ते सुद्धा आज किती वर्षांचे असते कुणास ठाऊक.

मग दुसरं काय काय मिळतंय ते बघायला लागलो. आपल्या कर्नाटकात आयुष्मान भारत आणि आरोग्य कर्नाटक अशी एकत्र योजना 2018 पासून आहे. बीपीएल कार्ड असेल तर घराला वर्षाला पाच लाख. एपीएल असेल तर पॅकेजचा जो सरकारी दर असेल त्याच्या तीस टक्के सरकार देणार, ते सुद्धा वर्षाला दीड लाखापर्यंतच. म्हणजे समजा पॅकेज लाखाचं, तर तीस हजार सरकारचे, सत्तर आपले. आत्तीचं कार्ड आधी बीपीएल होतं. मग तिच्या पोरानं घरासाठी कर्ज काढायचं म्हणून दोन वर्षं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं, आणि कार्ड एपीएल झालं. कर्ज मिळालं, घरावर स्लॅब पडला, आणि आईच्या गुडघ्याचे सत्तर टक्के अंगावर आले. हा हिशेब कर्ज काढताना कुणाच्या डोक्यात येतोय सांगा.

त्यातही इमर्जन्सी नसेल तर सरळ खासगी दवाखान्यात जाऊन चालत नाही, आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं, तिथं होत नसेल तर त्यांनी रेफर करायचं, ते पत्र घेऊन मग पुढं. हार्ट ॲटॅक, ॲक्सिडेंट असलं काही असेल तर पत्र लागत नाही. गुडघा काय इमर्जन्सी नाही. दुखतोय तिला, सरकारला नाही. लोक नेमकं हेच चुकतात, आधी खासगीत ॲडमिट होतात, बिल वाढतं, मग माझ्याकडं येतात कार्ड काढून द्या म्हणून. त्या वेळी कार्ड काढून मी तरी काय करणार.

यशस्विनी म्हणून अजून एक आहे, ती सहकारी संघाच्या मेंबरांची. पीकेपीएस म्हणजे गावची शेती कर्जाची सोसायटी, दूध संघ वगैरे. मध्ये 2018 ला बंद झाली होती, 2022-23 पासून परत सुरू. खेड्यातल्या चार माणसांच्या घराला वर्षाला पाचशे रुपये भरायचे आणि पाच लाखांपर्यंत. पण मेंबर पाहिजे, आणि नाव नोंदवायच्या मुदतीत भरायला पाहिजे. आत्तीच्या घरात पीकेपीएसचे मेंबर होते ते मामा, म्हणजे आत्तीचे मालक. ते वारले, शेअर कुणाच्या नावावर केलाच नाही. कपाटात पासबुक अजून आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून.

आणि सीमाभागातलं असल्यामुळं आमच्याकडं तिसरी पण एक फाईल असते. 2023 साली महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली. त्या वेळी ती दीड लाखाची होती, नंतर महाराष्ट्रानं रक्कम पाच लाखांवर नेली. कर्नाटक सरकारनं विरोध केला, दोन्हीकडच्या नेत्यांची भाषणं झाली, पेपर भरले. माझ्या दुकानात तेव्हा आलेल्या माणसांपैकी कुणी भाषणाचं विचारलं नाही, सगळ्यांचा एकच प्रश्न, चंदगड-गडहिंग्लज-कोल्हापूरला गेलं तर चालतंय काय. माझं स्पष्ट मत आहे, कुणाला पटो न पटो, की आजारी माणसाला राज्य नसतं, त्याला एसटी कुठली लवकर मिळते तेवढंच असतं. पण फॉर्म भरून दिलेले लोक अजून ती पावती सांभाळून आहेत. आत्तीकडं पण आहे. तिच्या पिशवीत आधार बेळगावचं, पावती महाराष्ट्राची, आणि पासबुक वारलेल्या नवऱ्याचं. तीन-तीन योजनांच्या कडेला ती उभी आहे आणि आत कुठल्याच नाही.

आता बाबांना पॉलिसी थांबवू नका का म्हणालो ते. बाबांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं, घाईचं नाही, म्हणून म्हटलं कार्ड चालवून तर बघूया. एका दवाखान्यात आरोग्यमित्राच्या, म्हणजे तिथं योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर कार्ड ठेवलं. त्यानं बघितलं, नंबर टाकला, म्हणाला कार्ड बरोबर आहे पण आमच्याकडं सत्तर प्लसची एंट्री होत नाही, रेशन कार्ड आणलंय काय? बाबा म्हणाले, "रेशन कार्ड लागत नाही म्हणून तर हे काढलं." तो म्हणाला, "खरं आहे काका." एवढंच. उद्धटपणे नाही, नीट बोलला, त्याच्या हातात तरी काय असणार. तेव्हा मला कळलं की पात्र असणं एक, कार्ड निघणं दुसरं आणि टेबलावर चालणं तिसरं. आता मी दुकानात सगळ्यांना सांगतो, कार्ड काढून ठेवा, जरूर काढा, पण ॲडमिट व्हायच्या आधी त्याच दवाखान्याच्या टेबलावर जाऊन विचारा की ह्या कार्डावर, ह्याच ऑपरेशनसाठी, आज चालतंय काय, आणि योजनेच्या 14555 ह्या हेल्पलाईनला फोन लावून तेच परत विचारा. हे कार्ड राज्याबाहेर पण योजनेतल्या दवाखान्यात चालावं असा नियम आहे, आणि आपल्याला कोल्हापूर-मिरज काय लांब नाही. पण खासगी पॉलिसी असेल तर ती घाईनं सोडू नका. बाबांनी हप्ता भरला. कुरकुरत भरला.

आत्तीच्या वयाचं मात्र माझ्या डोक्यातनं जाईना. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते. एकदाच. त्यामुळं त्या एका वेळी जे घालू ते पक्कं पाहिजे, कागद पाहिजे. एकानं दुकानात येऊन हळूच सांगितलं, दाखला करून देतो, किती सालचा पाहिजे बोला. किती सालचा पाहिजे! जणू कापड फाडून घ्यायचंय. नको म्हटलं.

बाबांना विचारलं, तुम्हाला काय आठवतंय. बाबा म्हणाले, "गोव्याच्या वेळच्या गाड्या." 1961 च्या डिसेंबरात गोवा घेतला, त्याच्या आधी बेळगाव मिलिटरीनं भरलं होतं आणि आमच्या ह्या खानापूर-लोंढा बाजूनं गाड्यांच्या रांगाच्या रांगा जात होत्या. बाबा सात वर्षांचे, आत्ती त्यांना घेऊन रस्त्याला गेली होती बघायला. एवढ्या धुरळ्यात बाबा घाबरले आणि तिनं त्यांना परकराच्या घोळात झाकलं. मास्तर ओरडले होते, चौथीचा वर्ग सोडून कुठं गेलीस म्हणून. चौथी. 1961 ला चौथी म्हणजे नऊ-साडेनऊ वर्षं. म्हणजे 1952. आधारच्या हिशेबानं ती तेव्हा पाच वर्षांची पण नव्हती, म्हणजे अजून शाळेत न गेलेली पोर चौथीतनं पळाली आणि स्वतःपेक्षा मोठ्या भावाला कडेवर घेऊन गेली.

मग आम्ही गेलो तिच्या शाळेत. गावातली मराठी शाळा, कौलं जाऊन पत्रे आलेत, बाकी तीच. हेडबाई चांगल्या होत्या, म्हणाल्या जुनी जनरल रजिस्टरं आहेत पण शोधायला लागतील, आणि स्वतः कपाटाच्या खालच्या कप्प्यातनं फडक्यात बांधलेली चार रजिस्टरं काढून टेबलावर ठेवली. पानांच्या कडा कसरीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र असं की आमच्या डीटीपीला लाज वाटावी. अर्धा तास गेला. दाखल तारीख 9-6-1958 च्या पानावर आत्ती सापडली. माहेरचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव. जन्मतारीख 1-6-1952.

एक जून. आणि बोट वर-खाली फिरवलं तर पानावरच्या जवळजवळ सगळ्यांची एक जून. शाळा जूनला उघडायची, मास्तर पोराकडं बघून सहा वर्षांचं धरायचे आणि तारीख लिहायचे. हेडबाई हसायला लागल्या. बाबा म्हणाले आई तर सांगायची की ही भात लावणीच्या दिवसात झाली, मग जून कसा, आषाढ असणार. म्हणजे ही पण तारीख खोटीच, पण निदान साल तरी माणसानं माणसाकडं बघून लिहिलेलं आहे. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण होतं, "घरकाम". आत्ती म्हणाली ते वाचू नको.

उतारा मिळाला, सहीशिक्क्यानिशी. आता त्यावर नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं, दोन्ही बाई एकच हे दाखवायला अजून कागद लागणार, लग्नाचा दाखला त्या काळात कुणी काढला होता. अफिडेव्हिट केलंय, बेळगावच्या आधार सेंटरची तारीख घेतलीय, बघूया. रेफरचं पण चालू केलंय, तीस टक्के तर तीस टक्के, गुडघा थांबत नाही.

पण निघताना आत्तीनं रजिस्टर मिटू दिलं नाही. चष्मा घरी राहिला होता, मला म्हणाली, "माझ्या वरचं नाव वाच." वाचलं. "ती गोव्याला दिली, गेली." खालचं वाच. "हा मुंबईला गिरणीत होता." त्याच्या खालचं. असं करत पान झालं, सतरा नावं, त्यातली चार-पाचच तिच्या मते अजून आहेत. हेडबाई पंखा बंद करून उभ्या होत्या, पानं उडतात म्हणून. मग आत्ती म्हणाली, "सगळ्या पानाची झेरॉक्स काढ गा. माझ्या एकटीची नको."

रजिस्टर शाळेबाहेर काढता येत नाही, म्हणून हेडबाईंना विचारून मोबाईलवर फोटो घेतला आणि दुकानात येऊन ए-थ्रीवर प्रिंट मारली, चांगल्या कागदावर. उतारा माझ्या फाईलीत आहे, प्रिंट तिच्याकडं, गादीखाली. परवा बाबा तिच्याकडं गेले होते तर तिनं ती काढून त्यांच्यासमोर पसरली. बाबांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुझं नाव नाही त्यात," आत्ती म्हणाली. "तू मागनं आलास."